डावीकडून येणारे बॉल

मंगळवार, ३ मार्च
हरलो. शून्य-दोन. नशीब, सेमीफायनल आधीच पक्की होती. दोन्ही गोल डावीकडून! पहिला तर इतका साधा, की प्रॅक्टिसमध्ये गप्पा मारता मारता अडवला असता. बॉल दिसलाच नाही, आणि मग एकदम नाकासमोर. कोच मॅडम ड्रेसिंग रूममध्ये मला काहीच बोलल्या नाहीत. चौदा वर्षं बोलणी खाल्ली, त्याचं काही वाटलं नाही. आजच्या गप्प बसण्याची भीती वाटली.

घरी आई म्हणाली, "दुसऱ्या गोलच्या वेळी तुझी हाक उशिरा आली." ती गोलच्या मागे बसते. नजर अधू झाल्यापासून मॅच बघत नाही, ऐकते. आणि अचूक ऐकते.

शुक्रवार, ६ मार्च
शिडी म्हणजे आमची दुसरी गोलकीपर. एकोणीस वर्षांची, उंची विचारायची सोय नाही. पाण्याची बाटली भरता भरता म्हणाली, "ताई, तू हल्ली मान फार वळवतेस. चिमणीसारखी." मी म्हटलं, "आखडलीय गं." धडधडीत थाप!

घरी येऊन उजवा डोळा तळहाताने झाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मधला खिळा दिसला. आकडे नव्हते. काळोख वगैरे काही नाही — नुसते नव्हतेच.

सोमवार, ९ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर. एका मशीनवर हनुवटी टेकवायची आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी प्रत्येक ठिपक्यावर पेनल्टीसारखी टपून बसले होते. डाव्या डोळ्याच्या वेळी बराच वेळ ठिपका येईचना. वाटलं मशीन बंद पडलं. बंद पडलं नव्हतं.

काचबिंदू. "गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेली थेंबांनी राखता येईल. उजवा डोळा अजून बराच चांगला आहे. थोडं आधी आल्या असतात तर डावाही राहिला असता." मग विचारलं, घरात कुणाला आहे का? मी म्हटलं, आईला — पण तिचा मोतीबिंदू. ऑपरेशनला उशीर झाला म्हणून नजर गेली. "त्यांचे कागद असतील तर पुढच्या वेळी आणा."

आणि खेळायचं? त्यांनी उलट मलाच विचारलं, "एका बाजूचं दिसत नसताना तुम्ही धावणार कशा?"

शनिवारी सेमीफायनल आहे.

मंगळवार, १० मार्च
कुणाला सांगितलं नाही.

गुरुवार, १२ मार्च
मॅडमनी बाजूला घेतलं. "फिट आहेस ना? नाहीतर शिडीला उभी करते. मला खरं सांग."
"एकदम फिट!"
किती सहज निघालं तोंडातून. चौदा वर्षं माझं काम काय? दुसऱ्यांना जे दिसत नाही ते ओरडून सांगायचं. मागे माणूस! डावीकडे सरक! आणि आज आपल्याच बाबतीत तोंडाला कुलूप. एकच मॅच, एवढी एकच — असं स्वतःला समजावतेय.

शनिवार, १४ मार्च
जिंकलो. लिहवत नाही.

रविवार, १५ मार्च
लिहायलाच हवं.

शेवटची वीस मिनिटं. त्यांचा कॉर्नर. बॉल उंच आला. "माझा!" म्हणून ओरडले आणि गुडघा पुढे काढून उडी घेतली, नेहमी घेते तशीच. आमची कप्तान डावीकडून मागे धावत येत होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी आवरलं असतं, वळले असते. मला ती दिसली नाही. दिसलीच नाही! गुडघा तिच्या जबड्यावर बसला. लाकडी पट्टी मोडावी तसा आवाज. बॉल माझ्या हातात होता. लोक टाळ्या वाजवत होते.

आज हॉस्पिटलमध्ये गेले. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. मला बघून तिने वही ओढली आणि लिहिलं — तुझी चूक नाही, मीच मध्ये आले. आम्ही नऊ वर्षं एकत्र खेळतोय. हे वाचल्यावर राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

तिने वही पुन्हा जवळ ओढली. मग लिहिलं — कधीपासून माहीत होतं?
"सोमवारपासून."
तिने वही पालथी घातली. मी आणखी थोडा वेळ बसले. मग उठले.

सोमवार, १६ मार्च
मॅडमना सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुला विचारलं होतं," एवढंच म्हणाल्या. मग खिडकीकडे तोंड करून, "ग्लव्ह्ज कपाटात ठेव आणि चावी दे."
चावी दिली. घरी येऊन आईलाही डोळ्याचं सांगितलं.

शनिवार, २१ मार्च
फायनल. आईशेजारी गोलच्या मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा. शिडी काय उभी राहिली! एक चेंडू तर बोटांच्या टोकांनी बारवरून घालवला. मी आईला सांगायला लागले, तर म्हणाली, "गप्प बस, ऐकू दे."

जिंकलो. की जिंकल्या म्हणायचं आता? कप्तानही आली होती, चेहऱ्याला पट्टी. सगळ्यांना मिठी मारली. माझ्याजवळून गेली.

बाहेर पडताना फाटकापाशी आई आणि मी, दोघी एकाच खांबाला धडकलो. मला हसू फुटलं — किती दिवसांचं साचलेलं, कोण जाणे — थांबेचना. आई हसली नाही.

सोमवार, २३ मार्च
उद्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून आईकडे मोतीबिंदूचे कागद मागितले. तिने साड्यांखालून एक फाईल काढून दिली. आठ वर्षांपूर्वीची. मोतीबिंदू नाहीच — काचबिंदू. खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ: मुलीचे डोळे लगेच तपासून घ्यावेत.

"त्याच आठवड्यात," आई म्हणाली, "देशाच्या संघात तुझी निवड झाली होती गं."