जमिनीलगतची खिडकी

प्रिय खारुटले,

फोन उचलायचाच नाही असं तू ठरवलं आहेस, तेव्हा पत्र लिहिण्यावाचून माझ्यापुढे इलाज नाही. पत्र तू फाडशील, पण आधी वाचशील. तुझा राग लहानपणापासून उत्सुकतेपुढे टिकत नाही. तुझ्या नवऱ्याकडून कळलं की कारखान्यात राजीनामा देऊन आलीस आणि तेव्हापासून घरात तोंड लपवून बसली आहेस. एका भिंतीपायी! भिंत उलटी लागली हे खरं आहे, मी काही तुला खोटा धीर देणार नाही. पण तुझ्या या धाकट्या डोक्यात काही गोष्टी गेलेल्या नाहीत, त्या घालणं थोरल्या बहिणीचं काम आहे.

आधी बाकीच्या भिंतींबद्दल बोलू दे, कारण त्यांचं नाव कोणी काढत नाही. आमच्या वस्तीत नवी घरं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवत होती आणि त्यांतली सगळी पोरं माझ्या एका पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसत होती. एकीकडे पाढे, एकीकडे बाराखडी, मध्ये मी. संध्याकाळी माझा घसा इतका बसायचा की घरी खुणांनी बोलायची वेळ यायची. तुझ्या भावजींना ते दिवस फार सुखाचे वाटले. विटांच्या इमारतीला अजून काही वर्षं लागतील, असं शाळेची समिती म्हणत होती, आणि तू म्हणालीस, "ताई, भिंती आमच्याकडे तयार होतील, ट्रकवरून येतील, सुट्टी संपायच्या आत वर्ग उभे." समितीतले लोक हसले. लाकडी खोकी म्हणाले. वाळवी, आग, पाणी, सगळ्या शंका काढून झाल्या. तू न चिडता (हे मी प्रथमच पाहिलं) एकेकाला समजावलंस. झाडं कापली की तिथेच नवी लावतात अशा रानातलं लाकूड आणलंस, आणि वस्ती वाढली तर बोल्ट सोडवून भिंत सरकवायची, पुढे नवी खोली जोडायची, इतकं सोपं करून दिलंस. आज त्या खोल्यांत भर दुपारी भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसत नाही. मी साध्या आवाजात बोलते आणि शेवटच्या ओळीला ऐकू जातं. माझा आवाज मला तू परत दिलास, खारुटले. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला गेले की तू चेष्टा करतेस.

आता ती भिंत. बालवर्गाला मागच्या बाजूने, छताजवळ, हवेसाठी लांबट खिडकी हवी होती. कारखान्यात भिंत टेबलावर आडवी पडलेली असते, तिला कसलं आलंय वर आणि खाली? क्रेनचे हूक ज्या कडेला, ती वरची. तू हूक दुसऱ्या कडेला लावलेस, क्रेनवाल्याने इमानाने तीच कड वर उचलली आणि खिडकी जमिनीलगत आली. कोणाला शंकासुद्धा आली नाही. बाळांची खोली, म्हणून खिडकीही बाळांच्या मापाची, असंच सगळ्यांना वाटलं. मी तर चारचौघांत तुझ्या कल्पकतेचं कौतुकही केलं. पुढे तपासणीला इंजिनिअर आला आणि बिंग फुटलं.

पण तोवर त्या खिडकीने कामाला सुरुवात केली होती. बालवर्गात एक मुलगी आहे, आम्ही तिला लाडाने भोंगा म्हणतो. आजी नजरेआड झाली की भोंगा सुरू. बिचारी आजी शिवणयंत्र बंद ठेवून दिवसभर मागच्या झाडाखाली बसायची. एकदा रडता रडता भोंगा जमिनीवर लोळली आणि तिला तुझी खिडकी सापडली. झाडाखाली आजीच्या चपला दिसल्या. पोर गप्प. मग रोज ती पोटावर पडून चपला बघायची आणि उठून खेळायला जायची. आजी हुशार. तिने चपला तिथेच ठेवल्या आणि अनवाणी घरी जाऊन शिवायला बसू लागली. आम्हीही या कटात सामील. एक दिवस शाळा सुटल्यावर भोंगाने त्या चपला उचलून आजीच्या पायांपाशी ठेवल्या आणि म्हणाली, "आजी, उद्यापासून घालून जा. पाय भाजतात तुझे." त्या खिडकीतून दुसरं काय दिसतं, पायच ना! तिने ते अनवाणी पाय जाताना रोज पाहिले होते. आजी रडली, मीही रडले. आता भोंगा रडत नाही.

गेल्या आठवड्यात तुमचा मुकादम नवी भिंत घेऊन आला. राजीनामा देण्याआधी तू स्वतः केलेली, हूक बरोबर कडेला. बालवर्गातली पोरं खिडकीपुढे पोटावर ओळीने पडून ट्रकची चाकं बघत होती, काही केल्या उठेनात. एवढं काय बघताय, म्हणून तो धिप्पाड माणूस त्यांच्या शेजारी आडवा झाला. बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा शर्ट झटकत मला म्हणाला, "बाई, हे काढायचं माझ्याच्याने होणार नाही." इंजिनिअरला पुन्हा बोलावलं. काच जाड घाला आणि पाणी अडवायची पट्टी फिरवून घ्या, मग भिंत तशीच राहू द्या, असं तो लिहून देऊन गेला. दोन्ही कामं झाली.

आता हे पत्र का, ते सांगते. समितीने बालवर्गाची आणखी एक खोली मंजूर केली आहे. खिडकी जमिनीलगतच हवी, असं त्यांनी एकमताने ठरवलं, तेच ते खोकी म्हणणारे लोक. तुमच्या मालकांनी तुझा राजीनामा अजून ड्रॉवरमध्येच ठेवलाय, मी विचारलं. तू केलेली नवी भिंत मी परत जाऊ दिली नाही. ती आवारात ताडपत्रीखाली आहे, नव्या खोलीची पहिली भिंत म्हणून; हूक तेवढे या वेळी मुद्दाम दुसऱ्या कडेला लाव. उरलेल्या तुझ्याच हातच्या हव्यात. आणि त्या करायच्या आधी एकदा इकडे ये. ती खिडकी तू फक्त फोटोत पाहिली आहेस, तोही कोणीतरी उभ्याने काढलेला. भोंगाने तिच्याशेजारची जागा तुझ्यासाठी धरून ठेवली आहे.

डोळे वटारून, पण तुझीच,
ताई