परकराची नाडी आणि बोटीच्या काचा

ती. सौ. कोकिळाताईंना शालूचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला उतार पडला का, आमच्या जावईबापूंचा खोकला कसा आहे, तेवढं कळवा. इकडे आम्ही ठणठणीत. सासूबाई तर इतक्या ठणठणीत की त्यांच्याबद्दलच लिहायला बसले.

तुमच्या भावाने मच्छीमार संस्थेची जुनी मोटारबोट घेतली, हे तुमच्या अमडापूरपर्यंत पोचलंच असेल. धरणापलीकडच्या बाजारात वांगी-मिरच्या न्यायला बोट नामी. पण केबिनच्या काचा फुटलेल्या, जाळ्या फाटलेल्या. पाणीही आत, डासही आत. समोरच्या काठाला सासूबाईंचं माहेर, तिथे तुमचे मामा अंथरुणाला खिळलेले, तरी त्या बोटीत पाय ठेवेनात. (सडकेने जावं तर एसटी साऱ्या तालुक्याला प्रदक्षिणा घालते, आणि सासूबाईंना एसटी लागते.) तेव्हा मी म्हटलं, काचा बसवायच्याच.

मापं तुमच्या भावाने घेतली, सुतळीने. सुतळी बोटीत ओली होऊन आखडली होती; जानेफळच्या काचवाल्याकडे पोचेतो वाळून लांबली आणि काचा बोटभर मोठ्या आल्या. शिवाय खिडक्यांचे कोपरे गोल, काचांचे चौकोनी. तुमच्या भावाचं म्हणणं, खिडक्याच चुकल्या. मग मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा खिडकीवर धरला, आतून पेन्सिल फिरवली आणि त्याच काचा त्या बेताने कापून आणल्या. आता रबराची पट्टी खिडकीच्या उघडत्या चौकटीवर चढेना. ट्रकला काच बसवताना मी पाहिलं होतं: पट्टीच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची, की पट्टीची कड चौकटीवर चढते. दोरी जाड होत होती, म्हणून माझ्या परकराची नाडी घेतली. काठावर शेजारच्या जनकाबाई आणि मंडळी धुणं थांबवून बघत होत्या. तुमच्या भावाने डोळे मिटून नाडी ओढली. पण काच अशी बसली की थेंब गळत नाही.

त्या यशाने त्यांना जोर चढला. त्यांनी एकट्याने, आतल्या बाजूने, सगळ्या खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. सकाळी सासूबाई नवं लुगडं नेसून बोटीत बसल्या. मध्यावर गेल्यावर ऊन तापलं, खिडक्या उघडाव्या म्हटलं, तर कड्या जाळीच्या पलीकडे.

सासूबाईंनी पदराने वारा घेत विचारलं, "काऊन रे मोत्या, मले भावाले भेटवून राह्यला का उकडून राह्यला?"

"माय, डास तर नाही न एकही," तुमचे भाऊ म्हणाले.

मी टोपल्यातला विळा घेतला, जाळीला हात जाईल एवढी चीर दिली आणि कडी काढली. (आता तिथे टाके घालून झडप केली आहे. छान दिसते.)

मामा ओसरीत खाटेवर होते. बहीण-भाऊ एकमेकांचा हात धरून बसले. मग सासूबाई म्हणाल्या, "दाढी तरी करत जाय बे." मामा हसले, आणि मला आपलं उगीच दुसरीकडे बघावं लागलं.

छकुलीचा माझ्या वाटचा एक गालगुच्चा घ्या.

तुमची वहिनी,
शालू

ता. क. बोट उत्तम चालते. भाजी तेवढी बाजारात जात नाही, कारण सासूबाई रोज सकाळी माहेरी जातात आणि टोपल्यांच्या जागी आडव्या होतात.

आणखी ता. क. त्या म्हणतात, बाईने माहेरी जात राहावं. मला हे फार पटलं. पण माझ्या माहेरी, देऊळघाटला, बोट जात नाही. तेव्हा तुम्ही शनिवारी या, पंधरा दिवस राहा. माझी पिशवी भरलेली आहे. तुमच्या भावाला अजून माहीत नाही. आल्यावर तुम्हीच सांगा.