तडा आतला की बाहेरचा

तीर्थरूप वन्संना,

लांबूनच वाकून नमस्कार. जवळून वाकले की मला उठवायला तुम्हांला हात द्यावा लागतो आणि मग दोघींचीही पंचाईत होते.

काल दुपारी दोरीवरच्या चादरी काढताना तुमची आठवण झाली. माझ्या लग्नाला जेमतेम महिना झाला असेल. आपण दोघी गच्चीत मोठ्या चादरींच्या घड्या घालत होतो. मी कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ जुळवत होते (सिस्टरांनी वसतिगृहात पट्टी लावून शिकवलं होतं), आणि तुम्हांला खाली कसलं तरी काम होतं. तुम्ही तुमच्या टोकाला असा काही हिसका दिलात की चादरीबरोबर मीही आले आणि तुमच्यावर आपटले. तुम्ही म्हणालात, "कॉन्व्हेंटात घडी घालायला शिकवतात, धरून ठेवायला नाही वाटतं." बस, एवढंच. मग आपण उरलेल्या सहा चादरींच्या घड्या घातल्या आणि खाली गेलो. एवढ्या मोठमोठ्या गोष्टी विसरले, ही का राहिली कोण जाणे. आता मी चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरते. तुमचे बंधू मदतीला येतात, पण टोक हातात घेतलं की वर बघत उभे राहतात आणि चादर जमिनीला लागते.

गुडघा कसा आहे? सकाळची गोळी सकाळीच घेता ना, की संध्याकाळी दोन्ही एकदम? लागोपाठ दोन महिने पहिल्या रविवारी आमची गाडी तुमच्या दारात आली नाही. लेकीने फोनवर तुम्हांला "गाडी दुरुस्तीला आहे" एवढंच सांगितलं. ते खरं आहे, पण रामकथा विचारल्यावर "राम परत आला" म्हणण्याइतपतच. बाकीचं मी लिहिते.

गाडी मी चालवत असले तरी निवडली तुमच्या बंधूंनी, हे तुम्हांला माहीत आहे. दुकानात विक्रेता इंजिनाबद्दल सांगत होता तेव्हा हे मागच्या सीटवर जाऊन मान टाकून बसले आणि म्हणाले, "हीच." कारण वर छतच नव्हतं, पुढपासून मागपर्यंत अखंड काच होती. कंपनीवाले तिला पॅनोरमिक रूफ म्हणतात, तुमचे बंधू "आपलं आभाळ" म्हणतात. चार वर्षं ते त्याखाली मान मागे टाकून बसतात आणि मला रस्ता सांगतात. (एकदा मी वळण विचारलं तर म्हणाले, "त्या लांबट ढगानंतर डावीकडे.")

तर दोन महिन्यांपूर्वी दंतवैद्याकडून परतताना लेक त्यांच्या शेजारी मागे बसली होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "आई, गाडी बाजूला घे." मागच्या कोपऱ्यापासून हातभर लांब तडा गेला होता. तुमच्या बंधूंनी अगदी शांतपणे सांगितलं की तो त्यांना अकरा दिवसांपासून दिसतो आहे. त्यांना वाटलं विमान गेल्यावर मागे पांढरी रेघ राहते तशी ती रेघ आहे. आपण कुठेही वळलो तरी विमान आपल्याच बरोबर कसं येतं, एवढंच त्यांना कोडं पडलं होतं.

लेकीने बापाला काही विचारलं नाही (त्याचा उपयोग नसतो हे ती तिसऱ्या वर्षीच शिकली). मला विचारलं, "कुठे धडकवलीस?" मी म्हटलं, कुठेही नाही. ती म्हणाली, गेटच्या खांबाच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस. आता तो खांब मुळातच तिरका आहे, हे तुम्हीही पाहिलं आहे, पण आईची बाजू घेणारे खांब जगात नसतात. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तू सहासष्ट वर्षांची आहेस. तुम्ही दोघं आत्याकडे निघालात की पोचल्याचा फोन येईपर्यंत माझं कामात लक्ष लागत नाही." शेवटी आम्ही असं ठरवलं की निवाडा कंपनीने करावा. गाडीची वॉरंटी अजून सहा महिने शिल्लक होती. काच बनावटीतल्या दोषाने आपोआप तडकली असेल तर कंपनी बदलून देईल आणि मी पूर्वीसारखी गाडी चालवीन. बाहेरून मार लागून तडकली असेल तर कंपनी हात वर करील आणि किल्ली कायमची लेकीकडे जाईल. वन्सं, तुमच्याकडे यायला दोन बस बदलाव्या लागतात आणि दुसरी कधी येईल ते तिच्या चालकालाही ठाऊक नसतं. तुमचा गुडघा तुम्हांला इकडे येऊ देत नाही. म्हणजे माझ्या दृष्टीने ती नुसती किल्ली नव्हती, महिन्यातला एक रविवार होता.

सर्व्हिस सेंटर म्हणजे मोठं थंड दालन. काचेच्या भिंतीपलीकडे गाड्या उचलून धरलेल्या, आणि अलीकडे सोफ्यावर त्यांचे मालक, दवाखान्यात नातेवाईक बसतात तसे. टाय लावलेल्या एका सल्लागाराने मला "मॅडम" म्हणून बसवलं, तडा पाहिला, फोटो काढले आणि एक अर्ज दिला. शेवटी एक चौकट होती. "घटनेचे वर्णन आपल्या शब्दांत (दोन ओळी)."

आता तुम्हीच सांगा, जिला दहा वर्षं सिस्टरांनी निबंध शिकवला आणि दर शुक्रवारी आठवड्याच्या चुका वहीत लिहायला लावल्या, तिने दोन ओळींत काय लिहावं? "चुका स्वतःहून सांगितल्या की त्या निम्म्या होतात," असं सिस्टर म्हणायच्या. मी पुरवणी मागितली. एकूण तीन पानं झाली, नाकापेक्षा मोती जड. मी लिहिलं की मी कुठेही धडकले नाही. मात्र सत्याला धरून हेही नमूद करते की त्या महिन्यात मी एकदा रागाने दार आपटलं (तुमच्या बंधूंनी छत्री पुन्हा वाचनालयात ठेवली होती). दोन दिवस गाडी झाडाखाली उभी होती, झाडाला टणक फळं आहेत, मी पडताना पाहिली नाहीत, पण पडलीच नसतील असंही म्हणवत नाही. वन्संकडून येताना एका गतिरोधकावर वेग जास्त होता, तेव्हा यजमानांची टोपी वरच्या काचेला लागली. शिवाय एकदा काच पुसताना माझी अंगठी तिच्यावर घासली गेली आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. खाली सही, तारीख आणि "हे निवेदन मी कुणाच्याही दबावाखाली केलेलं नाही."

टायवाल्याने ते उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. मॅडमची मी मावशी झाले ती तेव्हापासून.

"मावशी, हा तक्रारअर्ज आहे. तुम्ही कबुलीजबाब दिलाय."

"खरं तेच लिहिलंय."

"खरंच आहे हो, पण ते कुणी विचारलंय? मी नवा अर्ज देतो. 'काच आपोआप तडकली,' एवढंच लिहा."

मी म्हटलं, आपोआप तडकली हे मी पाहिलेलं नाही, कसं लिहू? त्याने कपाळाला हात लावला आणि शिक्का मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, आणि माझा तर हात तीन पानं लांब होता.

व्हायचं तेच झालं. कंपनीचा तपासनीस येऊन गेला. आठवड्याने कळवलं की "ग्राहकाच्या स्वतःच्या निवेदनानुसार" बाहेरून मार लागण्याची शक्यता असल्याने मागणी नामंजूर. लेकीने ते मोठ्याने वाचलं आणि तळवा पुढे केला. मी किल्ली ठेवली. तिने ती तिच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, गाळणीशेजारी अडकवली. पुढचे तीन आठवडे भाजीला, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे बस. तुमचे बंधू पहिल्या दिवशी सवयीने मान मागे टाकून बसले आणि म्हणाले, "इथे नुसता पत्रा आहे." दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीतून बघू लागले. पहिला रविवार आला तसा त्यांनी सकाळीच कोट घातला, थोडा वेळ दारात उभे राहिले आणि काढून ठेवला. मला काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मग एका सोमवारी टायवाल्याचाच फोन आला. "मावशी, आमचे काचवाले तुम्हांला भेटायचं म्हणतात. तुमचं ते तीन पानी त्यांनी वाचलंय." मी लेकीला घेऊन गेले. (साक्षीदार विरुद्ध पक्षाचा असावा म्हणजे नंतर वाद राहत नाही.) हे काचवाले माझ्याच वयाचे, तीस वर्षं काचा बसवताहेत, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी माझी पानं फळीला चिमट्याने लावून ठेवली होती आणि समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. सिस्टरांनंतर प्रथमच कुणी माझा निबंध तपासत होतं.

ते एकेक मुद्दा घेऊ लागले. "दार आपटलंत. माझी सून रोज आपटते, काच शाबूत आहे. पुढे. फळ पडलं असतं तर पडल्या जागी बारीक खड्डा दिसला असता आणि तडे चांदणीसारखे फुटले असते. इथे बोट फिरवा ताई, आहे खड्डा?" मी बोट फिरवलं, गुळगुळीत होतं. "गतिरोधक. डोक्याला टेंगूळ आलं का साहेबांच्या? नाही ना, मग काचेला काय होतंय? अंगठी. अंगठीने ओरखडा येतो, तडा नाही. उगाच वाईट वाटून घेतलंत." मग त्यांनी कोपऱ्यातलं रबर सोडवलं, दिवा धरला आणि दाखवलं. तडा तिथून, रबराच्या आतून, चौकटीच्या कडेपासून निघाला होता. कारखान्यात एक पकड जास्त आवळली गेली होती, तिने चार वर्षं काच चेपली आणि शेवटी काच कंटाळली.

ते टायवाल्याला म्हणाले, "तुम्हांला बाई जास्त बोलल्या असं वाटलं. मला तर त्यांनी काम सोपं करून दिलं. जेवढं होऊ शकतं तेवढं सगळं लिहिलंय, मी एकेक खोडत गेलो. उरलं काय? कारखाना." त्यांनी माझ्या तीन पानांना आपलं एक पान जोडलं, तपासनीस पुन्हा आला, रबराखाली डोकावला आणि सही करून गेला. पंधरा दिवसांत नवी काच बसली. लेकीने किल्ली खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली, म्हणाली, "सॉरी, आई," आणि लगेच वळून गाळणी नीट लावू लागली. गेल्या गुरुवारी गाडी घरी आली. तुमचे बंधू मागे बसून फाटकापर्यंत फिरून आले आणि म्हणाले, विमान गेलं.

तर अशी ही हकीकत. सत्याचा विजय झाला, जरा वळसा घेऊन. गुडघ्याला ऊन दाखवत जा. आम्ही पहिल्या रविवारी येतोच आहोत.

तुमची,
घडीवाली भावजय

ता. क. एक गोष्ट तीन पानांत नव्हती आणि वरच्या मजकुरातही मी ती गाळली. काचवाल्यांनी दिवा धरून तड्याचं तोंड दाखवलं तेव्हा "दिसलं ना ताई?" असं विचारलं होतं. मी "हो" म्हटलं. मला दिसलं नव्हतं. लेकीला दिसलं, टायवाल्याला दिसलं. मला मधोमध नुसता धुरकट ठिपका दिसत होता, आणि तो मी कुठेही पाहिलं तरी तिथे असतो.

ता. क. २. दुसऱ्या दिवशी एकटीच बसने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डोळ्यामागच्या पडद्याचं दुखणं आहे, दोन्हीकडे. वाढू नये म्हणून औषध देतील, पण गेलं ते परत येणार नाही. वाचायला भिंग चालेल, गाडी चालणार नाही. (अक्षर मोठं का आलंय ते आता कळलं असेल.) गुरुवारी गाडी चालवत आणली ती मी नव्हे, टायवाला सोडून गेला, आणि फाटकापर्यंतही त्यानेच फिरवून आणलं. शुक्रवारी मी किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि कारण सांगितलं. ती रडली, मी नाही. काढून घेतलेली किल्ली आणि दिलेली किल्ली यांत फार फरक असतो, वन्सं. तेवढ्यासाठी निकाल माझ्या बाजूने लागायला हवा होता.

ता. क. ३. आता खरं काम. तुमच्या बंधूंना हे अजून माहीत नाही. मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा चहा ठेवायला उठले. ते लहानपणापासून तुमचंच ऐकतात, म्हणून तुम्ही सांगा. चार वाजता फोन करा, चहा झालेला असतो. "आंधळी" हा शब्द नको, तो खराही नाही. रविवार चुकणार नाही हे आधी सांगा, डोळ्यांचं नंतर.

बाकी वाटणी अशी. गाडी आणि पहिली किल्ली लेकीची. दुसरी किल्ली तुमच्या बंधूंना द्यायची, त्यांना चालवता येत नसली तरी खिशात काही वाजलेलं त्यांना बरं वाटतं. माझी बसायची उशी लेकीला, ती माझ्याहून बुटकी आहे पण कबूल करत नाही. तीन पानांची नक्कल सोबत जोडली आहे, ती तुम्हांला. (दुसरी टायवाल्याने त्याच्या आईला वाचून दाखवायला नेली.) फिरायला निघालो की पुढची सीट तुमची, गुडघा लांब करता येईल, फक्त लेकीला गिअर बदलायला सांगू नका. मागची डावी जागा त्यांची, उजवी माझी. चार वर्षं मी त्या काचेखाली बसले, पण नजर रस्त्यावर होती, वर कधी पाहिलंच नाही. आभाळ काही बारीक अक्षरांत नसतं. तेवढं मला दिसेल.