सुकवणीच्या खोलीतली झाडं

अण्णा, कारखान्याच्या माडीवरच्या सुकवणीच्या खोलीला तुम्ही कधी कुलूप लावलं नाहीत. ओले गणपती कोण चोरणार, म्हणायचात. या फेब्रुवारीपासून त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली म्हणूनच बहुधा हे तुम्हाला सांगावंसं वाटतंय. त्या खोलीत मी गांजाची झाडं लावली होती.

हा शब्द मी पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या रोजनिशीत त्या सगळ्या महिन्यांत मी नुसतं ‘झाडं’ असं लिहीत गेले, जणू तुळस किंवा मोगरा असावा. तुमच्या जावयाचं पाठीचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांच्या डाव्या पायात सारखी आग होते. कंपनीने त्यांना प्लांटवरून काढून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं आहे. गोळ्या घेतल्या की ते गुंगीत असतात, नाही घेतल्या की रोह्याच्या आमच्या घरात भिंतीला धरून फेऱ्या मारतात. एकदा जेवताना ते म्हणाले, "यापेक्षा गांजा ओढलेला बरा." गंमत होती ती. ते हसले, मीही हसले, आणि मग मी आठवडाभर वाचत बसले. बिया कुठून मिळवल्या ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या कुणाला अडकवू नये एवढी शुद्ध मला होती असं मी तेव्हा समजत होते.

हा गुन्हा आहे हे मला माहीत होतं. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी बाई मी, एका मार्कासाठी पेपर पुन्हा तपासणारी. पण कॉलेज पेणमध्ये, कारखाना कॉलेजपासून चालत जाण्यासारखा, आणि माडीवरची ती खिडकी नसलेली खोली आपली. खालचा कारखाना आता वहिनी चालवतात. लग्न होऊन आल्यावर ज्यांच्या हातात तुम्ही पहिल्यांदा ब्रश दिलात, त्याच. त्यांचं सुकवणीचं काम आता खालीच, पंखे आणि हॅलोजनचे दिवे लावून चालतं. वरची खोली रिकामी होती. कॉलेज सुटल्यावर रोह्याच्या गाडीला वेळ असायचा. घरी सांगितलं की जादा तास घेते.

सुरुवातच चुकली. बाहेरून मातीची पोती आणली असती तर चार जणांनी विचारलं असतं, झाडं कुठे लावतेस? म्हणून मी कोपऱ्यात पडलेली तुमच्या वेळची शाडूची गोणी फोडली. ज्या मातीतून इतके गणपती झाले तिच्यात एक रोप का होणार नाही, असं मला खरंच वाटलं. शिवाय वर्गात शिकवल्यासारखं मनात म्हटलं, या मातीत खनिजं भरपूर असतात. तुम्ही शाडू मळताना मी किती वर्षं पाहिलंय. गुडघ्यावर बसून, अंगाचा भार देऊन, तिच्यातली हवा निघेपर्यंत तुम्ही ती मळायचात. हवेचा एक बुडबुडा राहिला तर सुकताना मूर्ती तडकते, म्हणायचात. आणि मी तीच हवा नसलेली माती कुंडीत भरली. पाणी घातलं की वर तळं साचायचं, सुकली की कुंडीच्या कडा सोडून तिची एक वीट व्हायची. रोपं आली, पानं पिवळी पडली, मान टाकली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी, हाताला बुळबुळीत. मूर्तीला जे लागतं त्याच्या नेमकं उलट मुळाला लागतं, हे कळायला मला सगळी रोपं मारावी लागली.

दुसऱ्या खेपेला कॉलेजच्या बागेतली माती पिशवीतून नेली. मग उजेडाचं आलं. तुमचे जुने हॅलोजन भिंतीला टांगलेले होतेच. खालच्या मीटरवरून वायर वर आलेली होती, तीही तुमच्याच वेळची. दिवे जवळ ठेवले तर पानांचे शेंडे करपले, लांब ठेवले तर रोपं उजेडाकडे मान लांबवत काडीसारखी वाढली आणि स्वतःच्याच भाराने वाकली. त्यांना सुतळीने बांधलं. खोलीत इतकं गरम व्हायचं की पंखाही सुरू ठेवावा लागला. पानांखाली पांढरे बारीक किडे धरले. औषध मारायला धजले नाही, कारण पुढे ते कुणाच्या तरी पोटात जायचं होतं. एकेक पान उलटून किडे झटकायला मऊ केसांचा ब्रश हवा होता. अण्णा, मी तुमचा डोळ्यांच्या आखणीचा ब्रश वापरला. बी.एस्सी. झाल्यावर तुम्ही मला दिलात तो. तू या धंद्यात येणार नाहीस हे मला माहीत आहे, पण घरात असू दे, म्हणाला होतात. ज्या ब्रशने तुम्ही मूर्तीचे डोळे उघडायचात त्याने मी किडे झाडत बसले, आणि तेही चप्पल दाराबाहेर काढून, कारण कारखान्यात चप्पल घालून जायचं नाही ही तुमची सवय पायात बसली आहे.

आणि मला तिथे बरं वाटायचं. हे लिहायला जास्त जड जातंय. कुणीतरी फक्त माझ्या हातून वाढत होतं. घरी आल्यावर पाय धरून बसलेल्या माणसापुढे मला काहीच करता येत नव्हतं. हळूहळू मी त्यांच्या पायाबद्दल विचारायचंही विसरू लागले. मनात झाडांचाच हिशेब असायचा. मग हे त्यांच्यासाठी चाललं होतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

पावसाळा लागला तेव्हा एका संध्याकाळी जिना चढत होते तर वहिनींनी खालूनच हाक मारली. "काय गो बाय, आलीस? हे बिल बघ जरा. तू शिकलेली, तुला कळंल."

लाइट बिल होतं. मीटर त्यांच्या नावावर आहे, हे मला माहीत असूनही त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "गेल्या खेपेला जास्त आलं तवा म्हटलं चुकलं असंल. ह्या खेपेला तर अजून वर. माझेच दिवे खातात सगळं. दिवसभर पेटत ठेवते ना मी, आळशासारखी."

मी म्हटलं, "मीटर जुना आहे, वहिनी. जुने मीटर पळतात."

"मीटर पळतंय आणि मी बसलेय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "जाऊ दे. दिवे बंदच करते. तुजे अण्णा तरी कुठं एवढे दिवे लावायचे."

मी वर गेले आणि दिवे लावले. असंच केलं मी. झाडांना नुकताच फुलोरा धरला होता.

त्यानंतर काही दिवस परीक्षेच्या कामात गेले. पुन्हा गेले तेव्हा बाहेर पाऊस होता आणि आत दिवे नव्हते. दाराच्या उजेडात वहिनी गणपतींच्या ओळीपुढे बसून पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडत होत्या. पोट, दंड, सोंड, सगळीकडे रंगाला फोड आले होते. आत ओल राहिली आणि वर रंग चढला, म्हणजे असं होतं. तुम्ही नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचात, मगच रंगाला हात लावू द्यायचात. त्यांनाही हे येतं. पण माल न्यायला येणारा व्यापारी थांबायला तयार नव्हता, आणि दिवे तर बंद होते.

"बघ, गणपतीला पण घामोळं आलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "व्यापारी बघून गेला. म्हणतो, असला माल मला नको, कुणाला तोंड दाखवू? मी म्हटलं, तुजं तोंड नाय दाखवायचं, गणपतीचं दाखवायचंय."

मी हसले नाही. त्यांच्या बोटांची नखं गुलाबी रंगाने भरली होती. वर्षभराचं त्यांचं काम त्या ओळीत होतं. आणि कुणी माझ्या कुलपामागचा वास ओळखून पोलिसांना सांगितलं असतं तर? मीटर कुणाच्या नावावर आहे हेच त्यांनी आधी पाहिलं असतं. मी लहान असताना एका मूर्तीचं बोट माझ्या हातून मोडलं होतं आणि मी ते ओल्या रंगाने चिकटवून ठेवलं होतं, आठवतं? तुम्ही मारलं नाहीत. ती मूर्ती उचलून फळीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवलीत आणि म्हणालात, "मोडलं तर मोडलं म्हणायचं. हे कुणाच्या घरी बसणार हाय." 

मी वर जाऊन झाडं उपटली. तुकडे करून बादलीत घातले आणि त्यावर उरलेला शाडू ओतून मळत राहिले, ओळखू येणार नाही असा चिखल होईपर्यंत. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून जाताना कुलूप लावलं नाही. रडू आलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ते वहिनींसाठी नव्हतं, झाडांसाठी होतं.

रविवारी नवऱ्याला सांगितलं. ते बराच वेळ पाय चोळत राहिले. "माझ्यासाठी केलंस? मला विचारलंस?" मग म्हणाले, "वहिनींना सांगितलंस?" मी नाही म्हटलं. "मग मला कशाला सांगतेस?"

सोमवारी गेले. वहिनींपुढे बसले आणि म्हटलं, "वहिनी, ते बिल तुमच्या दिव्यांचं नव्हतं. वरच्या खोलीत मी दिवे लावत होते. इतके महिने. बिल मी भरते, आणि या मूर्ती माझ्यामुळे गेल्या." पुढचं वाक्य, गांजाचं, तोंडात तयार होतं. 

त्यांनी पत्रा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे खरंच तू होतीस. मला वाटलंच होतं गो. शाडूची गोणी फोडलेली बघितली मी, मळलेली माती बघितली, पिशवीत अण्णांचा ब्रश बघितला. वास पण यायचा कसला, म्हटलं मातीत काय औषध घालते का काय. कुलूप लावून मूर्ती करायला शिकत होतीस? लाजायचं काय त्याच्यात? वय झालं म्हणून हात शिकत नाय काय?"

त्या डोळे पुसत होत्या आणि गुलाबी रंग गालाला लागत होता. "अण्णा असते तर," एवढंच म्हणाल्या.

तिथेच मी ते वाक्य गिळलं, अण्णा. बिल भरलं, दिवे पुन्हा लागले, व्यापाऱ्याने निम्मा माल उशिरा का होईना उचलला. बाकीचा त्यांच्या अंगावर पडला. त्याबद्दल त्या मला एक शब्द बोलत नाहीत, कारण त्यांच्या मते मी तुमच्यासाठी ते केलं. आता कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या शेजारी बसते. आधी रंग खरवडला, मग मूर्तींच्या अंगाला रंग दिला. खोटं होतं ते निदान खरं करून दाखवावं, अशी माझी समजूत घालते मी. ब्रश साबणाने धुतला, रॉकेलने धुतला, तरी नाकाशी धरला की मला वास येतो. वहिनींना येत नाही.

काल त्यांनी माझ्यापुढे एक छोटी मूर्ती सरकवली आणि म्हणाल्या, आखणी कर. डावा डोळा बिघडला, उजवा बरा उतरला. वहिनींनी मूर्ती उजेडाकडे फिरवली आणि म्हणाल्या, "हा अण्णांचा हात हाय बघ."

मला आनंद झाला, अण्णा. गाडीत बसल्यावरसुद्धा तो गेला नव्हता.