निरोगी माणसाचं रक्त

सर,

हार्मोन आणि गाठींवरच्या तुमच्या संशोधनात तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त म्हणून नऊ वर्षं माझंच, तुमच्या लॅबमधल्या बाईचं, घेतलंत. वाढीच्या हार्मोनचा आकडा दरवर्षी भलताच यायचा. "बाई, मशीन बिघडलंय. खोडा तो," तुम्ही म्हणायचात. मशीन ठणठणीत होतं. गाठ माझ्या डोक्यात होती! बोटं फुगून अंगठी कापावी लागली, तर म्हणालात, "निवृत्ती मानवली तुम्हाला."

उद्या ऑपरेशन. सर्जनने विचारलं, "हे आधी कधी तपासलं होतं?" मी नाही म्हणाले. तुमची अब्रू राखली म्हणून हुरळू नका. आकड्यांवरच्या लाल रेघा माझ्याच हातच्या आहेत. सांगायला जीभ रेटली नाही.

पत्र टाकण्याआधी सर्जनला खरं सांगायला हवं. तीनदा फोन उचलून ठेवला.

तुमची,
निरोगी बाई