बाबांनी मिसळलेली दारू

वेंडल,

तू उठायची वाट पाहिली, पण आज पुन्हा डबल ड्यूटी आहे, निघते.

थंडीत बंदुकीची कुठली दारू बरी चालते, जुनी की नवी, हे बाबा काल ताडून बघत होते. मी कॉफी द्यायला गेले, तर दोन्ही डबे उघडे आणि उरलेली जुनी दारू त्यांनी नव्या डब्यात ओतलेली. "टेबलावर एका वेळी एकच डबा," असं कान पिळून शिकवणारा माणूस! वर मलाच म्हणाले, "बघतेस काय? वीस काडतुसं भरून झालीसुद्धा."

ती वीस काडतुसं मी घेऊन जातेय. मिसळलेल्या दारूचा जोर किती, सांगता येत नाही; त्यातलं एखादं बंदूकच फोडायचं. डब्यातली दारू मागच्या गवतावर पसरून टाकली.

शनिवारी एल्कच्या शिकारीला दुकानातली तयार काडतुसं ने. "त्यापेक्षा दगड मारा," बाबा म्हणतील. ऐकून घे. त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं कसं, ते रविवारी बोलू.

डबा कुठे गेला विचारलं, तर लोर्नाच्या हातून सांडला म्हण. मला खुशाल शिव्या घालू देत. शिव्या घालताना तरी ते अजून पहिल्यासारखे असतात.

लोर्ना