ह्यांच्या पायांची खुशाली

रेल्वे कॉलनी, झाशी
१२ फेब्रुवारी २००४

तीर्थरूप आईंच्या पायांवर सरलाचं डोकं.

काल आम्ही दिल्लीहून सुखरूप घरी आलो. ह्यांचे पाय लुळे पडत होते ते मणका सरकल्यामुळे नव्हे. पाठीच्या कण्यात धमनीचं रक्त भलत्याच शिरेत घुसत होतं आणि त्या दाबाने मज्जारज्जू सुजला होता. डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी आत नेली आणि डिंकासारखं औषध सोडून ती वाट बुजवली. पाठीला एक टाकाही नाही, तेव्हा काळजी करू नका.

आधी हे तयारच नव्हते. "काठीने चालतोय, तेवढं पुरे," म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, "गजाननजी, देर करेंगे तो यह भी चला जाएगा." तरी हे ऐकेनात. मग मीच म्हटलं, "तुम्हाला उचलायला मला जमेल, पण तुम्हाला ते सोसणार नाही." तेव्हा सही केली.

लघवीची नळी अजून आहे. सगळं पहिल्यासारखं होईलच, असं डॉक्टर म्हणत नाहीत. तुमचे गुडघे कसे आहेत? थंडीत शेकता ना?

आज सकाळी मी ह्यांच्या पायांवर पाणी घातलं, तर एकदम म्हणाले, "अगं, किती कढत!"

कित्येक महिन्यांनी पायांना चटका कळला. मी न्हाणीतच बसून रडू लागले, आणि हे आपले म्हणताहेत, "रडतेस काय, गार पाणी घाल आधी."

तुमच्या आशीर्वादाची,
सरला